पूजलेली गाडी

झेंडूचा हार नऊ हातांचा होता. बुकिंगच्या कागदावरची सही निळ्या शाईत होती. शोरूमचा पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. नव्या व्हॅनच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं.

साल १९९९, दसरा. मखमलाबादचे फुलशेतीवाले खंडेराव आणि त्यांची बायको अंबूबाई व्हॅन न्यायला नाशिकला आले होते. पूजा झाली, नारळ फुटला. मग खंडेरावांनी चावी मागितली.

"काका, किंमत वाढलीय. सात हजार द्या, लगेच चावी देतो," सेल्समन म्हणाला.

"हा तुमचाच कागद. आकडा तुमचा, सही तुमची."

"मागे बघा. डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू."

"मागं कोण बघतं रे? लग्नाची पत्रिका तू मागून वाचतो का?"

"मग बुकिंग रद्द करा. सगळे पैसे परत मिळतील."

खंडेराव उठले. खरंच रद्द करणार होते. पण अंबूबाई व्हॅनजवळून हलल्या नाहीत.

"अहो, पूजलेली गाडी सोडून नाय जायचं. आज तर नायच."

खंडेराव पुन्हा बसले. पहाटे तीनपासून ते फुलबाजारात ओरडत होते. आता भांडायला आवाज उरला नव्हता. सकाळच्या विक्रीचे पैसे खिशातच होते. ते त्यांनी टेबलावर ठेवले.

पूजेचं ताट सेल्समननेच आणून दिलं होतं. "काकू, आधी पूजा उरकून घ्या," असंही तोच म्हणाला होता.