आईच्या घरची माती

किल्लारीच्या शेषेरावांच्या डोळ्यांत भूकंपाची माती होती. हे साऱ्या गावाला ठाऊक, अन् शेषेरावांना तर त्याचा अभिमानच. त्र्याण्णव साली पडल्या घरातून लोकांनी त्यांना ओढून काढलं. आई मात्र आतच राहिली. पुढं नजर धुरकट होत गेली, ऊन सोसेना. कुणी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायचे, "आईच्या घरची माती हाय. राहू द्या." आता समोरचा माणूस आवाजावरून ओळखायची पाळी आली, तरी गडी हटून बसलेला.

हट्ट मोडला तो लेकीनं. सुकन्या नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होती. सकाळी डोळे उघडले की तिला काच गेल्यागत टोचायचं. घरचे मोबाईलला शिव्या देत राहिले. नांदेडच्या डॉक्टर मंजुश्रीबाईंनी तपासलं अन् म्हणाल्या, "वडिलांना घेऊन ये." लेकीसाठी म्हणून शेषेराव एसटीत बसले, स्वतःसाठी कशाला बसतात!

डॉक्टरांनी दोघांचे डोळे यंत्रातून पाहिले, फोटो स्क्रीनवर लावले. शेषेरावांना ते दिसेनात, तेव्हा सुकन्यानंच सांगितलं, "बाबा, पांढरे कण हायत. तुमच्यात लई, माझ्यात थोडे. पण सारखेच."

"हिच्यात माती कुठून आली? ही तर भूकंपानंतर दहा वर्षांनी जन्मली."

"माती नाहीच ती," डॉक्टर म्हणाल्या. "बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, त्यात हे कण आपोआप साठतात. रक्तातून येतं. तुमच्याकडून हिला आलं. तुमच्या आधी घरात कुणाला होतं?"

शेषेरावांची आई पहाटे डोळ्यांना पदर लावून चुलीपुढं बसायची. जो तो म्हणायचा, धूर लागतो. पण चूल पेटायच्या आधीच तिचे डोळे गळत असायचे, हे त्यांना आज आठवलं.

"आईला," ते म्हणाले. एवढी वर्षं जिवापाड जपलेली माती मातीच नव्हती.

"हिचं सध्या औषधांवर भागेल," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा वरचा थर लेझरनं साफ करू, बरंच दिसायला लागेल. पण आधीच सांगते, मूळ काही जात नाही. काही वर्षांनी कण परत येऊ शकतात."

सुकन्यानं त्यांचा हात घट्ट धरला. आता बाबा उठून चालू लागणार, अशी तिला धास्ती.

"परत येतात म्हणता?"

"येतात."

शेषेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग करा साफ," ते म्हणाले. "आई काय कुठं जात न्हाई."