चौथी अट

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर आला तो वाचणाऱ्यांसाठी नव्हे, समितीसाठी आला. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर प्राचार्यांच्या कानावर आलं की पुढच्या वर्षी मूल्यांकनाची समिती येणार, आणि ग्रंथालयात कॉम्प्युटर दिसला नाही तर कॉलेजची पत जाणार. मग काय विचारता! पंधरा दिवसांत खोली रंगली, पडदे आले, नारळ फुटला. प्राचार्य उत्तमरावांनी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता कीबोर्डवर टाकल्या. त्या फटीतून काढता काढता माझे दोन दिवस गेले. दाराला पाटी लागली, 'चपला बाहेर काढाव्यात.' पुस्तकांच्या खोलीत मात्र चिखलाचे बूट घेऊन कोणीही हिंडावं, तिथं पाटी नव्हती.

मी रश्मी साळवे, तिथली प्रभारी ग्रंथपाल. प्रभारी म्हणजे काम पूर्ण आणि ऑर्डर वर्षाची. जागा चार वर्षं रिकामी होती, पण ती भरण्यापेक्षा दर जूनला मला टांगणीवर ठेवणं संस्थेला परवडत होतं. दाखल रजिस्टरवरून नऊ हजार पुस्तकांच्या नोंदी मी एकटीनं सात महिन्यांत त्या मशीनमध्ये टाकल्या. त्या काळात आमच्या एकाही प्राध्यापकानं "काय चाललंय?" एवढंसुद्धा विचारलं नाही. एकानं विचारलं, पण त्याला त्यावर पत्ते खेळता येतात का ते हवं होतं.

नोंदी झाल्या आणि मग कळलं की आपण विहीर खणली, पण पोहरा नाही. सॉफ्टवेअरमध्ये शोध घ्यायचा तर एकाच गोष्टीवरून. लेखकाचं नाव टाका, नाहीतर पुस्तकाचं. विषय टाकला तर सगळा विषय अंगावर यायचा. 'अर्थशास्त्र' म्हटलं की सहाशे बारा पुस्तकं पडद्यावरून सरकत जायची आणि शेवटचीच तेवढी दिसायची. प्रत्येक पुस्तकाची भाषा माझ्याकडून भरून घेतली होती, पण भाषेवरून शोधायची सोय नव्हती. मग ती भरायला लावली कशाला? नऊ हजार वेळा मी 'मराठी', 'इंग्रजी', 'हिंदी' बडवत बसले ते काय बोटांना व्यायाम म्हणून?

जुलैमध्ये ज्ञानेश्वरी आली. मिरजगावच्या पुढच्या एका वस्तीवरून ती सायकलनं यायची. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे सगळे पेपर सुटले होते, अर्थशास्त्रातला सांख्यिकीचा तेवढा राहिला होता. ऑक्टोबरला तो सुटला तर डिग्री, नाहीतर काही नाही. तिच्या वडिलांनी, गोरक्षभाऊंनी, साफ सांगितलं होतं की फॉर्म एकदाच भरीन, दुसऱ्यांदा नाही.

"म्याडम, सांख्यिकीचं मराठीतलं पुस्तक हाय का? इंग्रजीतलं लई वाचलं, पन टकुऱ्यात शिरत न्हाई."

"गुंजाळ सरांच्या नोट्स आहेत की."

"त्या हायती. मैत्रिनीच्या आनल्या. त्यात गनित हाय आन् उत्तर हाय. असं का करायचं, ते न्हाई."

प्रा. अमृत गुंजाळ हे आमचे अर्थशास्त्राचे विभागप्रमुख आणि ग्रंथालय समितीचे अध्यक्षही. वर्गात ते फळ्याकडे तोंड करून दहा मिनिटं बोलत आणि अकराव्या मिनिटाला "बाकीचं नोट्समध्ये आहे" म्हणून खडू ठेवत. नोट्स स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळत. मुखपृष्ठावर सरांचा टाय घातलेला फोटो. विद्वत्ता जेवढी कमी तेवढी टायची गाठ मोठी, असा माझा अनुभव आहे.

कपाटं मी दोनदा पालथी घातली. सांख्यिकीचं मराठी पुस्तक एकही नव्हतं. पण अशी पुस्तकं मीच टाइप केल्याचं मला अंधुक आठवत होतं, एकदोन नव्हे, बरीच. नऊ हजारांतून ती काढायची कशी? म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रवीणला मी नगरला पत्र लिहिलं. सावेडीतल्या एका गाळ्यात तो आणि त्याचा भाऊ हा धंदा करत. चार अटी एकाच वेळी लावता आल्या पाहिजेत, असं मी लिहिलं: विषय कोणता, भाषा कोणती, पुस्तक कपाटात आहे का, आणि नसेल तर कोणाकडे आहे.

प्रवीणचा फोन आला. तो खुशीत होता. "मॅडम, बावीस कॉलेजांना सॉफ्टवेअर दिलं, पण असं मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकीचे पडद्याचा रंग बदलून मागतात. करून देतो, फुकट देतो. फक्त प्राचार्यांच्या सहीचं पत्र पाठवा."

प्राचार्यांनी माझा अर्ज उलटा धरला, मग सुलटा केला. "चाळण्या कशाला हव्यात, साळवे मॅडम? समिती येऊन काय पीठ चाळणार आहे? मशीन चालू दिसलं की झालं." आणि त्यांनी तो ग्रंथालय समितीकडे, म्हणजे गुंजाळांकडे सरकवला.

गुंजाळ सरांनी मात्र तो बारकाईनं वाचला. एवढं बारकाईनं वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या तीन अटींपुढं त्यांनी 'हरकत नाही' लिहिलं. चौथी, 'कोणाकडे आहे', तिच्यावर तांबड्या पेनानं तीन आडव्या रेघा मारल्या. "कुणाकडे काय आहे ही प्राध्यापकांची खासगी बाब आहे," ते म्हणाले. ग्रंथालयाचं पुस्तक खासगी बाब! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण तेव्हा मला चोरही दिसला नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रवीण फ्लॉपी घेऊन आला. तांबड्या रेघा बघून त्यानं डोकं खाजवलं. "चारही अटी एकत्र लिहून झाल्यात, मॅडम. एक काढायची तर पुन्हा सगळं उसवावं लागेल. राहू दे का?"

"राहू दे," मी म्हणाले.

तो गेल्यावर मी खोलीचं दार लावलं. सांख्यिकी, मराठी. मशीन जरा वेळ कुरकुरलं. एकवीस प्रती. कपाटात किती? शून्य. कोणाकडे? गुंजाळ, गुंजाळ, गुंजाळ. वरपासून खालपर्यंत एकच नाव. सर्वांत जुनी नोंद एक्याण्णव सालची.

हे सगळं मीच टाइप केलं होतं. प्राध्यापकांनी नेलेल्या पुस्तकांच्या वहीत पुस्तकाचं नाव लिहायची पद्धतच नव्हती; दाखल क्रमांक, सही, संपलं. परत करायची तारीख तर त्यांना कधी लागूच नव्हती. मी नुसते आकडे टाकत गेले. कुंपणानं शेत खाल्लं होतं, आणि त्याचा हिशेब माझ्याच बोटांखालून गेला होता. चार वर्षं मी त्या काउंटरवर बसून पोरांना "मराठीत नाही" म्हणून परत पाठवत होते. ती पोरं सरळ झेरॉक्सच्या दुकानात जात होती. गुंजाळांचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझा मला आला.

छापील यादी घेऊन मी प्राचार्यांसमोर उभी राहिले. त्यांनी ती वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे समितीला दिसेल का?"

"बटण दाबलं तर दिसेल, सर."

त्यांनी गुंजाळांना बोलावलं, मला बाहेर थांबवलं. वीस मिनिटांनी ठराव तयार. 'सदर एकवीस पुस्तके वाळवीने खाल्ल्यामुळे वाचनास अयोग्य झाली असून ती नोंदीतून बाद करण्यात येत आहेत.' खाली गुंजाळांची सही, त्याखाली प्राचार्यांची, आणि माझ्यासाठी मोकळी जागा. आपल्या घरातल्या पुस्तकांना वाळवी लागली असं स्वतःच्या सहीनं लिहून देताना त्या माणसाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

"तुमची ऑर्डर संस्थेकडे पडून आहे ना अजून?" प्राचार्यांनी प्रेमानं विचारलं.

मी सही केली. लाज वाटली, तरी केली. एकवीस नोंदी पुसल्या. चार दिवसांनी समिती आली, चहा प्याली, पडद्यावर पोहणारे मासे कौतुकानं बघून गेली. बटण कोणी दाबलं नाही. एवढा सगळा आटापिटा ज्यांच्यासाठी केला त्यांना बटणाशी काही देणंघेणंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी पुन्हा आली. तिला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी आता ती पुस्तकं कुनाचीच न्हाईत?"

त्या प्रश्नानं माझी ट्यूब पेटली. बाद केलेली पुस्तकं म्हणजे रद्दी, आणि रद्दी गोळा करणं हे ग्रंथालयाचंच काम. मी पत्र टाइप केलं, 'बाद पुस्तके रद्दी म्हणून जमा करून घेणेबाबत', आणि प्राचार्यांच्या टेबलावरच्या ढिगात मधोमध घातलं. उत्तमराव ढीग वाचत नाहीत, वरून खाली सह्या करत जातात. संध्याकाळी पत्र सहीसकट हातात आलं.

रविवारी गुंजाळ पुण्याला पेपर तपासायला गेले होते. मी, ज्ञानेश्वरी आणि एक पोतं, अशा आम्ही त्यांच्या दारात गेलो. त्यांच्या पत्नी विमलबाई बाहेर आल्या. मी पत्र पुढं केलं.

"वाळवीची पुस्तकं न्यायला आलोय, वहिनी."

"न्या की बाई! लई जागा अडवलीया त्या मेल्यांनी. मी कवाची म्हनतीय कपाट मोकळं करा, तर अंगावर येत्यात." त्यांनी स्वतः कपाट उघडलं, वर पाणीही दिलं.

पोतं सायकलला बांधून आम्ही माझ्या खोलीवर आणलं. ज्ञानेश्वरीनं पहिलं पुस्तक उघडलं आणि तिचा हात थांबला. मधली पानं नव्हती. ब्लेडनं कापलेली, कडेला बोटभर पट्टी राहिलेली. दुसरं उघडलं, तेही तसंच. तिसरं, चौथं, सगळी तशीच. त्या माणसानं उतरवून घेण्याचेही कष्ट घेतले नव्हते. पानं कापायची, कागदावर चिकटवायची, झेरॉक्स मारायची आणि वर स्वतःचा फोटो लावायचा! मी त्या दिवशी त्याच्या नावानं जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. पोरीसमोर डोळ्यांत पाणी आलं आणि मी तोंड फिरवलं.

ज्ञानेश्वरी मात्र पानं उलटतच होती. एक पुस्तक, दुसरं, पुन्हा पहिलं. मग ती हसायला लागली.

"म्याडम, हे बगा. कापलेली समदी गनितं हायती. सोडवून दाखवलेली. बाकीचं तसंच हाय. मध्य म्हंजी काय, कशाला काडायचा, इथं हा का चालत न्हाई, सगळं हाय की!"

मी पुस्तक ओढून घेतलं. खरंच होतं. समजावून सांगणारं एकही पान त्यानं कापलं नव्हतं. त्याला ते लागलंच नव्हतं. पोरांना कळावं असं त्याला कधी वाटलं असतं तरच ती पानं गेली असती.

"आन् गनितं नोट्समधी हायतीच," ज्ञानेश्वरी म्हणाली. पोतं घेऊन ती घरी गेली.

मंगळवारी गुंजाळ तरातरा ग्रंथालयात आले, चपला न काढता. "माझ्या घरातून पुस्तकं नेली तुम्ही? कुणाच्या परवानगीनं?"

"कोणती पुस्तकं, सर?"

"सांख्यिकीची! एकवीस!"

मी मशीन त्यांच्याकडे वळवलं, चारही अटी लावल्या आणि बटण दाबलं. नोंद आढळली नाही. "अशी पुस्तकं आपल्याकडे नाहीत, सर. वाळवीनं खाल्ली. तुमचीच सही आहे." ते आले तसेच चपला वाजवत निघून गेले.

जानेवारीत निकाल लागला. ज्ञानेश्वरीला सांख्यिकीत अडुसष्ट मिळाले. आणि जूनमध्ये गुंजाळ नोट्सची नवी आवृत्ती आली, तिच्या पाठीवर ठळक अक्षरांत छापलेलं: 'आमच्या नोट्समुळे घवघवीत यश! कु. ज्ञानेश्वरी, सांख्यिकी, ६८ गुण.' खाली तिच्या वस्तीचं नावसुद्धा. निर्लज्जपणाची मला आता सवय झाली होती असं वाटत होतं, ते खोटं ठरलं. मी ती प्रत घेऊन तशीच एसटीनं तिच्या वस्तीवर गेले.

पडवीत सात मुली बसल्या होत्या. मधोमध ती एकवीस पुस्तकं पसरलेली, आणि ज्ञानेश्वरी कोळशानं फरशीवर आकृती काढून दाखवत होती.

"आपण तक्रार करू," मी प्रत तिच्यापुढं आपटत म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या, म्याडम. ते वाचूनच ह्या पत्ता हुडकीत आल्या. इचारत्यात, नोट्स कुठनं वाचायला सुरू केल्या. मी म्हनते, बसा, आदी पुस्तक वाचू." तिनं हात झटकले. "पन आता सात जनीत पुरत न्हाईत. दुसऱ्या विषयांची कुनाकुनाकडं हायती, तेवडं बगा की त्या मशीनवर."