स्थिर आकार

मनकर्णाने पिशवीतून फडक्याची पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि आतला चिनी मातीचा पांढरा फ्यूज वीज कार्यालयाच्या खिडकीतून आत सरकवला.

"हे काय?" खिडकीमागच्या दिपाली मॅडमनी विचारलं.

"आमची लाईट," मनकर्णा म्हणाली. "दिवाळी झाल्यापसून माझ्यापशी हाय. कोपरगावला फडात न्हेली हुती, पेटीत घालून. आता सांगा, बिल कशाचं आलं?"

रांगेत मागे कोणीतरी खुदकन हसलं. मनकर्णाने वळून पाहिलं नाही. ती हसवायला आली नव्हती.

तिची वाडी जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला जातात ती मार्चअखेर परततात. निघताना प्रत्येक घर मीटरच्या पाटीवरचा फ्यूज उपसून सोबत नेतं. मागे कोणी कुलूप तोडून आपल्या नावावर लाईट जाळू नये, एवढाच त्यामागचा हिशेब. मनकर्णाच्या घरी मीटर आलं ते गेल्या एप्रिलमध्ये, नवरा छगनच्या नावावर. त्यामुळे यंदा तिनेही पहिल्यांदाच फ्यूज नेला आणि मनाशी एक गोष्ट जादा धरून चालली, की फ्यूज पेटीत आहे तोवर बिल येणार नाही.

रविवारी कुलूप उघडलं तेव्हा दाराच्या फटीतून आत टाकलेली पाच बिलं धुळीत पडलेली होती. शेजारच्या बनुबाईला तिने विचारलं, तर ती म्हणाली, "आमालाबी येतंच की. पोरगा भरतो मोबाईलवरून. कोन वाचीत बसतंय?" मनकर्णा सातवी शिकलेली होती आणि हातात आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवत नसे. तिने पाचही बिलं वाचली. वापर शून्य, वापर शून्य, असं पाच वेळा. खाली सातशे नव्वद रुपये.

एरवी तिने ती बिलं कोनाड्यात टाकली असती. पण घराची नोंद अडली होती. दोन खणांचं ते पत्र्याचं घर सरकारी जागेवर होतं, आणि अशा घरांची यादी ग्रामपंचायतीतून उद्या, शुक्रवारी, तालुक्याला जाणार होती. ग्रामसेवकाने सांगितलं होतं, मागच्या बारा महिन्यांची लाईटबिलं आणा, मधे खंड नको आणि थकबाकी नको. यादीत नाव आलं तर घर कागदावर तुमचं. पुढची यादी कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. मनकर्णाकडे बरोबर बारा बिलं होती, एप्रिल ते मार्च. त्यातली सात भरलेली.

"मावशी, युनिटचे पैसे लावलेलेच नाहीत," दिपाली मॅडम बिलावर पेन टेकवत म्हणाल्या. "युनिटचा दर कमीजास्त होतो. शंभराच्या आत एक, वर गेलात की दुसरा. तुम्ही वापरलं शून्य, म्हणून शून्य. हा स्थिर आकार आहे. तो हलत नाही."

"ते वाचलं मी. आकार म्हंजी काय? घराचा आकार?"

"आकार म्हणजे चार्ज हो. खांब, तारा, मीटर, हे सगळं तुमच्यासाठी उभं असतं ना? तुम्ही वापरा नाहीतर वापरू नका. महिन्याला एकशेतीस, वर सरकारचं शुल्क, वर उशिराचं व्याज."

"खांब आमच्यासाठी उभा हुता?"

"हो."

"आन् आमी तिकडं उसात वाकल्यालो हुतो."

आता सगळी रांग हसली. दिपाली मॅडमही हसल्या, पण लगेच घड्याळाकडे बघितलं. पैसे घेण्याची खिडकी दोन वाजता बंद होत असे. दीड वाजला होता.

"मॅडम, स्थिर म्हंजी एका जागी बसल्यालं. पाच म्हैन्यात आमी तीन फड बदलले. एका जागी बसलो असतो तर दिलं असतं."

"शब्द मी नाही काढला, मावशी."

"मग कुनी काढला? त्याच्याकडं जाते."

"ओ बाई," मागून एका टोपीवाल्या म्हाताऱ्याचा आवाज आला, "त्याच्याकडं जाशील तवा जा, आमाला आधी पुढं सरकू दे."

दिपाली मॅडमनी फ्यूज उचलून परत तिच्या हातात दिला आणि आवाज खाली आणला. "हे बघा, एक मार्ग आहे. घर बंद होतं असा अर्ज द्या. वायरमन पाहून अहवाल देईल, साहेब सही करतील. नोव्हेंबरपासून कनेक्शन बंद दाखवलं की हे सातशे नव्वद निघून जातील. नवं मीटर मात्र पुन्हा मागावं लागेल. गोरक्षनाथ बाहेरच बसलाय. त्याच्याकडून लिहून आणा."

गोरक्षनाथ हा वाडीच्या भागाचा वायरमन. तो आवारातल्या लिंबाखाली मोटरसायकलवर बसून डबा खात होता. मनकर्णाला बघून त्याने बोटं चाटली.

"काय वहिनी, आज तालुक्याला? फडावरनं आल्या आल्या हापिसात?"

"अर्ज लिहून द्या भाऊ. घर बंद हुतं म्हनून."

"अहो, सोपं काम. तुमच्या वाडीवर मी धा वेळा खांबावर चढलो या थंडीत, तुमच्या दारात कुत्रंसुदिक दिसलं न्हाई. डोळं झाकून अहवाल देतो."

त्याने हात धुतले, डब्याच्या झाकणावर कागद ठेवला आणि सराईत अक्षरात अर्ज लिहून काढला. खाली छगनच्या नावासमोर फुली मारली. "इथं भाऊंच्या वतीनं तुमी सही करा."

मनकर्णाने पेन घेतलं आणि सवयीप्रमाणे पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. विनंती, ग्राहक क्रमांक, वाडीचं नाव. चौथ्या ओळीवर ती थांबली. सदर घर माहे नोव्हेंबरपासून बंद असून तेथे कोणीही राहत नाही.

तिने ओळ पुन्हा वाचली.

"हे वाक्य काढता यील का?"

"कोनतं? अहो, त्याच्यावर तर सगळा अर्ज हाय."

"हे कुठं ऱ्हातं मग? फाईलीत?"

"कम्प्युटरमधी. तुमच्या नंबरापुढं बंद म्हनून पडतं. ही पाच बिलं रद्द."

"म्हंजी माझ्याकडं बारा न्हाई ऱ्हायची. सात ऱ्हातील."

"सात. पर सातशे नव्वद वाचले की!"

मनकर्णा कागद धरून उभी राहिली. पंचायतीत सांगायचं की आम्ही इथेच राहतो, बारा महिने, सलग. इथे सांगायचं की आम्ही राहत नाही. दोन्हीही खरं होतं. घर त्यांचंच होतं, चूल त्यांची होती, आणि पाच महिने तिथे कुत्रंही नव्हतं. पण दोन खिडक्यांना दोन खरी उत्तरं देण्याची सोय कुठेच नव्हती.

"काय झालं वहिनी? दोनला धा कमी हायेत."

"ऱ्हातो म्हनलं तर पैसे भरा," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज चिरकला आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "न्हाई ऱ्हात म्हनलं तर घर न्हाई. नीट डोकं लावून केलंय हे. कुनी केलंय ते तेवढं सापडत न्हाई."

तिने अर्जाची चार पदरी घडी करून तो पिशवीत टाकला. फाडला नाही. मागची बाजू कोरी होती.

पैसे घेण्याच्या खिडकीपुढे आता ती एकटीच होती. दिपाली मॅडमच तिथे येऊन बसल्या होत्या. मनकर्णाच्या कंबरेच्या पिशवीत आठशे होते, पावसाच्या आत दोन पत्रे बदलायचे म्हणून ठेवलेले. मॅडमनी दहाची नोट परत केली, पावतीवर शिक्का मारला आणि अर्जाचं काय झालं, असं विचारलं नाही. पावतीवर लिहिलं होतं, थकबाकी शून्य. पाच बिलांतल्या पाच शून्यांनी तिला काही दिलं नव्हतं. या सहाव्याला तिने सातशे नव्वद मोजले होते.

परतायला जीपला तीस रुपये लागत होते. गोरक्षनाथला त्या बाजूला एक डीपी बघायची होती, त्याने मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. वाटेत तो म्हणाला, "वहिनी, मनावर घेऊ नका. मीबी भरतो की स्थिर आकार."

"तुमी स्थिर हायेत ना भाऊ," मनकर्णा म्हणाली. "तुमाला सोभतो."

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाने बिलं मोजली, महिने जुळवले, पावती पाहिली. बारा भरली. मग त्याचा अंगठा नोव्हेंबरच्या बिलावर थांबला. त्याने पुढची चार उलटली.

"वापर शून्य? पाचही महिने? राहत नव्हता काय तुम्ही?"

मनकर्णाने गठ्ठ्यातली पावती वर काढली. "बिल भरलंय," ती म्हणाली. "सगळं. बघा की पावती."

"भरलंय ते दिसतंय. वरून कोणी तपासायला बसलं तर शून्यच आधी दिसणार." त्याने दाराकडे बघितलं आणि गठ्ठ्याला टाचणी लावली. "यंदा पाठवतो. बिल आहे म्हणजे घर आहे, एवढं म्हणता येईल. पण पुढच्या खेपेला असलं शून्य आणू नका."

घरी छगन चुलीमागची भिंत लिंपत होता. हात न धुताच तो बाहेर आला. "झालं का गं?"

"गेलं यादीत."

"आन् पैसे? माफ केले?"

पिशवीतली पुरचुंडी सोडून तिने फ्यूज पाटीवर दाबून बसवला. आतल्या खोलीत पंखा कुरकुरत सुरू झाला आणि पाच महिन्यांची धूळ खाली आली.

छगन समजला. म्हणाला, "पुढच्या साली दिवाळीलाच मीटर काढून टाकायला सांगू."

"न्हाई," मनकर्णा म्हणाली. "पुढच्या साली ह्यो फ्यूज हितंच ऱ्हाईल. आन् जाताना एक बल्ब चालू ठिवायचा, दारावरचा. रातंदिस."

"येडी का काय? घरात कोन नसताना? त्याचं युनिट पडंल की!"

"पडू दे. तेवढं तरी वापरल्याचं आसंल."