हलीमाबीची सही

साहेब, आमचा टँकर तुम्ही बंद केला, आणि त्याचं पाप हलीमाबीच्या सहीवर ढकललं.

हलीमाबी म्हणजे बसस्टँडमागं गाद्या भरणारी. आमचा भाग खारपाणाचा. विहिरी भरल्या तरी पाणी तोंडात धरवत नाही. गोड पाणी फक्त नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचं. तो नाला बेशरमीच्या झुडपांनी बुजला होता. आम्ही चौदा जणांनी तीन उन्हाळे ती उपटली, गाळ काढला. फावडं घेऊन सगळ्यांत पुढं सूर्यभान. दर शुक्रवारी झिऱ्यात काठी बुडवायची, घोटभर चाखायचं आणि वहीत लिहायचं, हे काम हलीमाबीचं.

सप्टेंबरात तुम्ही आलात. तिला हार घातला, वही चाळली. 'पाच फूट. गोड.' मग एका कागदावर तिची सही घेतली. कामाची शाबासकी असेल म्हणून तिनं न वाचताच ऐटीत केली. गाव टँकरमुक्त झाल्याचा तो दाखला होता.

मे महिन्यात झिरा खारा झाला. सूर्यभानच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याला रक्त धुवायला जातो. डॉक्टरनं खारं पाणी बंद सांगितलेलं. हलीमाबी बाटली भरून तुमच्या कचेरीत आली. मी सोबत होतो.

"झिऱ्यात पाणी किती?" तुम्ही विचारलं.

"तीन फूट. पन खारं आहे."

"म्हणजे पाणी आहे."

"सायेब, घोटभर घेऊन पाहा ना."

"बाई, चवीचा रकाना नाही आमच्याकडं. तुमच्या जिभेवर टँकर सोडू का?"

"हार घालाले आलते तवा याच जिभेचं लिवलेलं चाललं तुमाले."

तुम्ही शिपायाला हाक मारली. आम्ही बाहेर.

गावात सूर्यभान बाजेवर पडून होता. "काय हलीमाबी, आखीन कुठी सही करून आली का?"

"भाऊ, हात तोडून टाकावा वाटते."

"मंग गाद्या कोन भरन?"

तो एकटाच हसला. त्याची बायको सुभद्रा हलीमाबीच्या मागं नाल्यापर्यंत आली. "आज झिरा कोरडा लिव, बाई, म्हंजे टँकर येईन. एक डाव खोटं लिवलं तं काय आभाय कोसयते? माह्या घरात मानूस मरून राह्यला."

हलीमाबीनं काठी बुडवली. चाखलं, थुंकलं. वही गुडघ्यावर घेतली. मग लिहिलं, 'अडीच फूट. खारं.' सुभद्रा पाहत होती. ती रिकामी घागर उचलून गेली. हलीमाबीला तिच्या मागून जायचा धीर झाला नाही. ती लांबच्या वाटेनं घरी आली.

साहेब, ते पान सोबत जोडलं आहे. ती खोटं लिहिणार नाही, तुम्ही चाखणार नाही. मग सूर्यभाननं आज कोणतं पाणी प्यावं? पुढच्या बैठकीची तारीख देऊ नका. लेखी उत्तर द्या.