माझ्यात नसलेला सा

मी एक युकुलेले. चार तारांचं वाद्य आहे मी, गिटारचं पोर नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. दुसरं असं की मी जळतो. एका मशीनवर मी चार वर्षं जळलो.

ज्ञानेशने मला फोनवरून मागवलं. रहाटणीच्या भाड्याच्या खोलीत माझं खोकं उघडलं ते त्याच्या बायकोने, विजयश्रीने. मला उलटसुलट बघून ती म्हणाली, "अहो, ही गिटार धुतल्यावर आटली का काय?" तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. पण ज्ञानेशने मला असं छातीशी धरलं, की वाटलं, हा माणूस आता माझाच.

दुसऱ्याच दिवशी तो मला भोसरीला, आबाजींच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. तो तिथे कामाला होता. तिथे ते होतं. गिअरचे दाते पाडणारं जुनं मशीन, अंगभर तेलाने माखलेलं. एका गिअरला त्याला अर्धा तास लागायचा. एकदा लावून दिलं की ज्ञानेशने स्टुलावर बसून नुसतं लक्ष ठेवायचं. त्या अर्ध्या तासात तो मला वाजवायचा. मशीन मात्र दिवसभर एकच सूर धरून बसलेलं असायचं, ऊंऽऽ करत.

ज्ञानेशने काय करावं? त्या सुराला सा मानलं आणि माझ्या तारा त्याच्याशी जुळवल्या. कान माझे पिळले, मशीनला कुणी काही म्हटलं नाही.

तो व्हिडिओ बघून जॅझ शिकत होता. त्यात डोरियन नावाचा एक मोड असतो. त्याचे सूर म्हणजे आपल्या काफी थाटाचेच. त्यातून कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांची जुडी, बांधायची रीत सोपी: एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा. सा, कोमल ग, प, कोमल नि आणि वरचा रे. सूर झाले पाच, तारा माझ्या चार. कुणाला तरी वगळणं भाग होतं. ज्ञानेशने सा वगळला. "तो म्हातारा देतोयच की," तो मशीनकडे बघून म्हणाला.

आता तुम्हीच बघा. कॉर्डचं नाव ठरतं सा वरून. राबायचं मी, वळ माझ्या मानेवर, आणि ज्याच्यावरून नाव पडायचं तो सूर त्या लोखंडाचा.

खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार, नारळ, पेढा. मला त्याच्याच पायाशी ठेवलं होतं. कुंकवाचं बोट माझ्यापर्यंत येईतो कोरडं झालं होतं.

गेल्या दिवाळीनंतर आबाजी म्हणाले, "ज्ञानेश, म्हातारं इकलं बरं का. त्याचं पार्टच मिळंनात. आता कॉम्प्युटरवालं येतंय." क्रेन आली तेव्हा ज्ञानेशने मशीनच्या पाठीवरून शेवटचं फडकं फिरवलं. माझ्यावरून कधी इतक्या मायेने फिरवलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी मनातून नाचत होतो.

नवं मशीन चार मिनिटांत गिअर बाहेर टाकायचं. स्टूल गेलं, अर्धा तास गेला, मी घरी आलो. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. त्या दुपारी ज्ञानेशने मला हातात घेतलं. तीच बोटं, त्याच जागा. आणि माझ्यातून जे निघालं ते ऐकून मीच घाबरलो. ती भरलेली, गंभीर कॉर्ड कुठेच नव्हती. काहीतरी गोडगोड, वाढदिवसाच्या केकसारखं वाजलं. सा नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी कोमल ग लाच मालक करून टाकलं होतं. ज्ञानेशने रे काढून सा घालून बघितला. सपक. ग काढून बघितला. त्याहून सपक. मग त्याने मला खिळ्याला टांगलं.

दोन महिने मी तसाच होतो. मला त्या मशीनची आठवण यायची, आणि येते म्हणून स्वतःचाच राग यायचा.

एका गुरुवारी तो म्हणाला, "शेजारच्या पूनमला देऊन टाकू हे. तिची पोरगी खेळेल याच्याशी." मला खेळणं म्हणाला तो. खाली उतरवून त्याने धूळ पुसली आणि जाता जाता ती कॉर्ड एकदा छेडली. विजयश्री मेथी निवडत होती, स्वतःशीच गुणगुणत. ज्ञानेशचा हात थांबला.

"आता होता तो सूर धर."

"कोणता?"

"तोच. जरा खाली. हां, आता सोडू नको."

"काय करायलात तुम्ही? मेथी निवडू का तुमच्या मशीनची ड्युटी करू?" असं म्हणत तिने सूर धरला.

कॉर्ड पुरी झाली. चार वर्षांत झाली नव्हती इतकी. ज्ञानेशने ती पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली. बोटं माझ्यावर होती, पण तो तिच्याकडे बघत होता.

पूनमकडे मी गेलो नाही. आता दर गुरुवारी दुपारी आम्ही तिघं बसतो, आणि मी परत जळतो, या खेपेला विजयश्रीवर. मशीनला निदान वीज तरी लागायची. हिला काहीच लागत नाही, मेथी निवडता निवडता जमतं.

विजयश्रीताई, तुमच्याबद्दल माझं मन साफ नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. तरी एक विनंती आहे. माझा आवाज लहान, लगेच विरतो. तो पुरता विरेपर्यंत तेवढा तुमचा सूर सोडू नका.