मोटरहोमची दुसरी बॅटरी

मित्रांनो, मोटरहोममध्ये दोन बॅटऱ्या असतात. एकीचं कौतुक होतं. मी दुसरी.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, शेगडी, बेसिन आणि एका माणसाने कोपर अंगाशी धरून आंघोळ करावी एवढी मोरी. या घरातले दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप चालवणारी बॅटरी सोफ्याखाली उबेत बसायची. तिला मी जाऊबाई म्हणत असे. तिच्यासाठी छपरावर सौर पॅनल होतं. ऊन पडलं की तिच्यापुढे आयतं ताट. दाराच्या वर तिचा एक छोटा फलकही होता. ती भरलेली असली की त्यावर हिरवा दिवा लागायचा. फलकावर फक्त ‘बॅटरी’ असं लिहिलं होतं. कोणती, ते लिहायची गरज ज्याने तो बनवला त्याला वाटली नव्हती. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दाच्या कंजुषीतून झालं.

मी पुढे असायची, बॉनेटखाली, तेलाच्या वासात. इंजिन सुरू करणं हे माझं काम. किल्ली फिरली की सगळा जीव एकवटून दोन सेकंद जोर लावायचा. मग इंजिन आपलं आपण चालतं आणि चालता चालता माझं खर्चलेलं मला भरून देतं. अट एकच, गाडी चालली पाहिजे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये आम्ल, असे सहा कप्पे आणि वर काळं झाकण. शेवटी एका माणसाने मला तपासलं, ‘पास’ असा शिक्का मारला आणि माझ्याकडे न बघता पुढची उचलली. आयुष्याची कल्पना मला तिथेच यायला हवी होती.

मला विकत घेतलं अप्पांनी. अप्पा पाणीपुरवठा खात्यात पर्यवेक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी गावाच्या उंच टाकीचा काटा पाहिला आणि रोज वहीत ‘टाकी भरलेली, ठीक’ असं लिहिलं. वरच्या आळीतले लोक कोरड्या बादल्या घेऊन तक्रार करायला आले, की अप्पा त्यांना शांतपणे काटा दाखवत. टाकी भरलेली आहे म्हटल्यावर पाणी नाही असं कसं होईल, असा त्यांचा प्रश्न असे. लोकांकडे उत्तर होतं, पण काटा अप्पांच्या बाजूने होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी मोटरहोम घेतली, तिच्यात मला बसवलं आणि माईंना, म्हणजे बायकोला, म्हणाले, “आता हिंडायचं.”

“आधी पडदे धुते,” माई म्हणाल्या.

सहा वर्षं आम्ही हिंडलो. पहाटेच्या थंडीत, डोंगरावर, एकदा तर गुडघाभर चिखलात मी पहिल्या किल्लीला इंजिन उठवलं. अशा वेळी अप्पा स्टिअरिंगवर थाप मारत आणि म्हणत, “इंजिन भारी आहे हं.” माई म्हणत, “तुमचा हात चांगला आहे.” मी गप्प असे. दोन सेकंदांचं काम करणाऱ्याला बाकीचा दिवस सुट्टीच असते, असा लोकांचा समज असतो.

आता तुम्हाला घरातली गोष्ट सांगते. गाडी उभी असली तरी मी रिकामी नसते. समोरचं घड्याळ माझ्यावर चालतं. चोर आला तर ओरडणारी घंटा माझ्यावर जागते. रेडिओला आपली स्टेशनं विसरायची नसतात, म्हणून तोही थोडं मागतो. जावयाने प्रेमाने एक यंत्र बसवून दिलं होतं. गाडी कुठे आहे ते त्याच्या फोनवर दिसायचं. गाडी दारातच होती, तरीही ते यंत्र दर काही मिनिटांनी माझ्या जिवावर तसं कळवत असे. यातलं कुणीच अधाशी नाही. सगळे घोट घोटच घेतात. पण सतत घेतात, आणि आभार मानायची पद्धत त्यांच्यात नाही.

सातव्या वर्षी माईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बसून प्रवास करायचा नाही, जायचंच असेल तर आडवं पडून. मोटरहोम अंगणात कडेला लागली आणि पाच महिने हलली नाही.

अप्पा मला विसरले असते तर बरं झालं असतं. दर रविवारी सायंकाळी पाच वाजता ते वही घेऊन येत. आधी दारावरचा हिरवा दिवा बघत. मग इंजिन सुरू करत, हेडलाइट लावत, वायपर फिरवत, पंखा सोडत, हॉर्न वाजवून बघत. हॉर्न दोनदा, कारण एकदा चुकून वाजू शकतो. बरोबर पाच मिनिटांनी सगळं बंद. मग वहीत ओळ पडे, ‘इंजिन सुरू केले. बॅटरी भरलेली. ठीक.’

मित्रांनो, इंजिन उठवायला माझं जे जातं, ते पाच मिनिटांत भरून निघत नाही. त्यात दिवे, वायपर आणि पंख्याची वरात. म्हणजे ज्या उपचाराने मी बरी व्हायला हवी होते, त्यानेच दर रविवारी थोडी आणखी खंगत होते. बराच काळ उपाशी राहिलं की माझ्या पट्ट्यांवर पांढरी पुटं धरतात. ती एकदा घट्ट झाली की नंतर कितीही वाढा, अंगी लागत नाही. विसाव्या रविवारी इंजिन कसंबसं कण्हत उठलं. अप्पांनी लिहिलं, ‘थंडीमुळे किंचित विलंब. ठीक.’

आणि मग धाकटीचं पत्र आलं.

धाकटी म्हणजे माईंची बहीण. ती एकटी राहत होती, आमच्या घरापासून चार तासांच्या रस्त्यावर. तिचा मुलगा तिला समुद्रापलीकडे आपल्या घरी कायमची नेणार होता. बुधवारी दुपारी तीनला विमानतळाची टॅक्सी ठरली होती. तिला कानांनी इतकं कमी ऐकू यायचं, की फोनवर दोघींचं बोलणं म्हणजे एकीने ‘जेवलीस का’ विचारायचं आणि दुसरीने ‘मंगळवारी’ म्हणून सांगायचं. समोरासमोर, ओठांकडे बघत, शांत खोलीत बसल्या तरच दोघींचं जमे.

लेकीने फोनवर माईंना खूप समजावलं. माई म्हणाल्या, “झोपून जाईन. आपल्याकडे पलंगवाली गाडी आहे. पाच महिने तुझे बाबा तिची पूजा करताहेत, एकदा प्रसाद मिळू दे.”

बुधवारी सकाळी सातला माईंना हळूहळू आत नेऊन पलंगावर निजवलं, पाठीला दोन उशा लावल्या. अप्पांनी हिरवा दिवा पाहिला, समाधानाने पुढे येऊन बसले आणि किल्ली फिरवली.

कट्.

एवढंच. मी जीव एकवटला, पण एकवटायला काही नव्हतं.

“काय झालं हो?” मागून माईंचा आवाज.

“काही नाही. बॅटरी भरलेली आहे.”

कट्.

“मग?”

“तेच बघतोय.”

अर्धा तास ते तेच बघत होते. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजला फोन लावला. नऊ वाजता पत्र्याची पेटी घेऊन एक पन्नाशीची बाई आली. केस करडे, हात कोपरापर्यंत काळे.

“मालक नाही आले?” अप्पांनी विचारलं.

“मालक आलेत. बॉनेट उघडा.”

तिने माझ्या दोन टोकांना मीटर लावला. इतक्या वर्षांत माझी प्रकृती पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, आणि मला सांगण्यासारखं काही नव्हतं.

“मेलीय ही,” ती म्हणाली.

“शक्य नाही. दर रविवारी बघतो. हा हिरवा दिवा बघा. ही वही बघा.”

तिने वही शेवटपर्यंत चाळली. एकवीस वेळा ‘ठीक’. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “काका, अक्षर छान आहे. पण दिवा सोफ्याखालच्या बॅटरीचा आहे. सौर पॅनलही तिचंच. ही पुढची वेगळी.”

“पण एकाच गाडीत आहेत ना दोन्ही?”

“तुम्ही कुठल्या खात्यात होता?”

“पाणीपुरवठा.”

“मग तुम्हाला कळेल. तुमची टाकी भरलेली आहे. पण या नळापर्यंत पाइपच टाकलेला नाही.”

वरच्या आळीतले लोक एकतीस वर्षं हेच सांगत होते, हे अप्पांना त्या क्षणी आठवलं असेल का, ते मला माहीत नाही. पण त्यांनी वही मिटून सीटखाली सारली.

“अहो,” माई मागून म्हणाल्या, “भांडण संपलं असेल तर निघायचं का? मी छताकडे बघून कंटाळले.”

बाईने सोफा उचलला आणि तिथून बॉनेटपर्यंत जाड तारा ओढल्या. अर्धा तास जाऊबाई मला आपल्यातलं देत राहिली. सात वर्षं मी तिच्या नावाने बोटं मोडली होती. तिने एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. साडेनऊच्या पुढे अप्पांनी किल्ली फिरवली आणि दोघींनी मिळून इंजिन उठवलं.

“आता नीट ऐका,” तारा गुंडाळत बाई म्हणाली. “रस्त्यात इंजिन बंद करायचं नाही. पंपावर नाही, चहाला नाही. चार तास चाललात तरी हिच्यात काही राहणार नाही, बादलीला भोक पडलंय. बंद केलंत की संपलं.”

“नवी बसवून द्या ना.”

“या मापाची मागवावी लागते. उद्या येईल.”

“उद्या नको,” माई म्हणाल्या.

अप्पा सगळा रस्ता दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होते. पावणेदोनला धाकटीच्या फाटकासमोर थांबलो. इंजिन घरघरत ठेवून त्यांनी दार उघडलं. माईंना उतरवण्यात वेळ गेला असता, म्हणून धाकटीच वर आली, प्रवासाच्या कपड्यांत, गळ्यात पर्स अडकवून.

“भावोजी, किती वाळलात,” ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला बसली.

“कशी आहेस?” माईंनी विचारलं.

“तीनला,” धाकटी म्हणाली.

“अगं, कशी आहेस?”

“हो, बॅगा भरल्या.”

मोठं इंजिन होतं. सगळी गाडी थरथरत होती, कपाटातले कप वाजत होते. माई ओठ मोठे करून बोलत होत्या. धाकटी हसून मान डोलवत होती, आणि तिला एक अक्षरही कळलेलं नाही हे तिघांनाही दिसत होतं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. चार तास झोपून आलेल्या माई आता रडकुंडीला आल्या होत्या.

“अहो,” माई म्हणाल्या.

अप्पांनी आरशात मागे पाहिलं. गॅरेजवालीने काय सांगितलं होतं, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी हात लांब केला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

कप वाजायचे थांबले.

“आता सांग,” माई म्हणाल्या. “सुरुवातीपासून.”

त्या काय बोलल्या ते मी सांगणार नाही. घरातलं आहे. तासभर बोलल्या. तीनला टॅक्सी आली. धाकटीने माईंच्या पाठीखालची उशी सरळ केली, खाली उतरली, घराला कुलूप लावलं आणि गेली.

अप्पांनी किल्ली फिरवली.

मी कट् सुद्धा म्हणू शकले नाही.

मग ते मागे आले आणि म्हणाले, “चुकलं माझं. आता परक्या गावात, कुलूप लावलेल्या दारासमोर.”

“कुठे परकं?” माई म्हणाल्या. “पलंग आहे, शेगडी आहे, कप तर मघापासून हजेरी लावताहेत. चहा ठेवा. मला उद्यापर्यंत कुठे जायचं नाहीये.”

जाऊबाईने पंप चालवला. अप्पांनी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिथल्याच एका दुकानदाराने नवी बॅटरी बसवली आणि मला काढलं. अप्पांनी त्याच्याकडून पॅनलपासून तिच्यापर्यंत एक तार ओढून घेतली. पुढे गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर त्या नव्या बॅटरीच्या ऋण टोकाची तार काढून ठेवायची, हेही शिकून घेतलं. घड्याळ मागे पडेल, असं दुकानदार म्हणाला. अप्पा म्हणाले, पडू दे.

मी आता त्या दुकानाच्या मागच्या फळीवर आहे, माझ्यासारख्या अकरा जणींबरोबर. तेव्हा मित्रांनो, एक सांगते. उभी गाडी झोपलेली नसते, तिच्यातलं कुणीतरी जागं असतं. त्याला पंधरा दिवसांतून एकदा तासभर फिरवून आणा, नाहीतर चार्जर लावा, नाहीतर सरळ त्याची तार काढून त्याला झोपू द्या. पाच मिनिटं हॉर्न वाजवून त्याची विचारपूस करू नका. आणि ‘ठीक’ लिहिण्याआधी ज्याच्याबद्दल लिहिताय त्याच्याकडे एकदा बघा.

सोमवारी आम्हाला न्यायला टेम्पो येणार आहे. शिसं वितळवतात आणि त्याची पुन्हा बॅटरीच करतात, असं शेजारची सांगत होती. मला कुणी विचारणार नाही. विचारलं असतं, तर मी कागदांवर ठेवायचं वजन व्हायला तयार होते.