नदीकाठ अभ्यासगट

खोक्याच्या झाकणावर ताईने खोडरबराचा चुरा चिमटीने सोडला, अगदी कडेला, आणि श्वास रोखून दोन पावलं मागे सरली. झाकण कुणी उचललं की चुरा घसरणार, आणि चुरा घसरला की चोर सापडणार. खोका चपलांचाच होता, पण आत स्पर्धा परीक्षेच्या चार वर्षांच्या अभ्यासाची चारशे बारा कार्डं उभी होती. एका विषयाला एक कार्ड. वर मथळा, खाली पाच मुद्दे, एक आकडा, एक अहवाल. मुख्य परीक्षेत दीडशे शब्दांत उत्तर उतरवायचं तर डोक्यात एवढंच मावतं, आणि एवढं मावायलासुद्धा माणसाची चार वर्षं जातात.

"निघालीस का गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"निघाले," म्हणत ताईने पिशवी खांद्याला अडकवली आणि टेबलाकडे पुन्हा एकदा बघून ग्रंथालयाची वाट धरली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा झाकणावर चुरा नव्हता. तो टेबलाच्या कोपऱ्यात फडक्याने नीट गोळा करून ठेवला होता. चोर टापटिपीचा होता, एवढं तरी कळलं.

तसं कळायला चुऱ्याची गरजही नव्हती. अप्पा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्राखेरीज कशाला हात लावत नसत, आई त्या टेबलाला दबकून असे, आणि दादा आठवड्यातले पाच दिवस कामासाठी बाहेरगावी. राहता राहिली वहिनी. वयाने ताईपेक्षा दोन वर्षांनी लहान, नात्याने मोठी. सकाळभर रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची, तीन वाजता घरी यायची. यंदा तिनेही पूर्वपरीक्षेचा अर्ज भरला होता. का, तर सहज. आणि सहजच ती पासही झाली होती.

ताईचा हा चौथा प्रयत्न होता, आणि तिच्या वयाला नियमाप्रमाणे शेवटचा. आधीच्या तिन्ही वेळा मुख्य परीक्षेनेच तिला परत पाठवलं होतं. यंदाही तेच झालं तर पुढे काय, हा प्रश्न घरात कुणी विचारत नसे. सगळे इतक्या काळजीने तो टाळत की तिला तो दिवसभर ऐकू येत राही.

खोक्याच्या बाबतीत चूक मात्र तिचीच होती. वहिनीने अर्ज भरला त्या दिवशी जेवताना, सगळ्यांच्या देखत, ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली होती, "खोका टेबलावरच असतो. लागेल ते बिनधास्त घे." ही कुठली पास व्हायला, अशी त्या दिलदारपणामागची खात्री होती. ती फसली, आणि बोललेला शब्द परत गिळायची सोय राहिली नाही.

रोज पाचला दोघी त्याच टेबलाशी समोरासमोर बसत. प्रश्न ताई काढायची. स्वयंपाकघरातलं टिकटिकणारं गजराचं घड्याळ सात मिनिटांवर लावायचं, घंटा झाली की अर्ध्या शब्दावर पेन खाली, मग वह्यांची अदलाबदल. ताईचं पेन लाल, वहिनीचं हिरवं. दहापैकी गुण द्यायचे आणि खाली कारण एका ओळीत लिहायचं. वहिनीची हिरवी ओळ नेहमी चांगल्यापासून सुरू व्हायची. ताईला त्याचाही संशय यायचा. उगाच कोण कुणाची स्तुती करतं?

त्या संध्याकाळी वहिनीच्या उत्तरात एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं होती. जमीन, पाणी, माणूस.

"ही वर्तुळं कुठून आणलीस?"

"तुमचीच आहेत की," वहिनी म्हणाली. "कार्डावर बघितली. किती सोपं होतं त्याने."

इतकं सरळ उत्तर देणारं माणूस ताईला फारसं भेटलं नव्हतं. त्यामुळे पाणी कुठेतरी मुरतंय, याची तिला खात्रीच पटली. तिने उत्तरावर लाल पेनाने चार लिहिले. सहाचं उत्तर होतं. तिच्या हाताला ते ठाऊक होतं, कारण सहाच्या आकड्याचं पोट काढायला तो आधी खाली वळला होता.

"चारच?" वहिनीने वही स्वतःकडे ओढली. "बरोबर आहे. माझं स्वतःचं लिहायला गेलं की जरा पातळच होतं."

आठवडाभराने ताई ग्रंथालयातून लवकर परतली. वहिनी खिडकीपाशी उभी होती. एका हातात कार्ड, दुसऱ्या हातात शिसपेन्सिल. ताईला पाहताच तिने कार्ड खोक्यात सरकवलं आणि पेन्सिल केसांत खोचली.

"काय करत होतीस?"

"काही नाही, बघत होते." आणि चेहरा असा साळसूद, जणू कुणी काही विचारलेलंच नाही.

वाचायची परवानगी होती. पण वाचायला पेन्सिल कशाला लागते? ही कार्डं उतरवून घेतेय. चार वर्षांची मेहनत चार आठवड्यांत, तीही दुपारच्या चहाबरोबर. ताईच्या मनात शंकेची पाल केव्हाची चुकचुकत होती, आता ती तिथेच मुक्कामाला आली.

वाट दाखवली ती अप्पांनी, अगदी नकळत. चहा पिताना वर्तमानपत्राआडून ते म्हणाले, "मी इतकी वर्षं पेपर तपासले. एक खोटा आकडा सापडला ना, की पुढचं सगळं मी संशयाने वाचायचो. मग खरं लिहिलेल्यावरसुद्धा विश्वास बसत नसे."

त्याच दुपारी ताईने एक नवं कार्ड लिहिलं. मथळा, पूर आणि शहरं. चार मुद्दे खरे. पाचवा असा: नदीकाठ अभ्यासगटाच्या अहवालानुसार पुराच्या नुकसानीपैकी त्रेचाळीस टक्के नुकसान नाल्यांवरच्या बांधकामांमुळे होतं. असा अभ्यासगट कधी नेमला गेला नव्हता आणि असा अहवाल कुणी लिहिला नव्हता. पण नाव इतकं खरं वाटत होतं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. वहिनीने सरावात तो आकडा लिहिला की लाल पेन खाली ठेवून शांतपणे विचारायचं, हे कुठे वाचलंस? मग कार्ड फाडून टाकायचं. बेत एवढाच होता.

खऱ्या कार्डांची तिने दुसरी प्रत करायला घेतली. तिला तीन आठवडे लागले. ती प्रत कपाटात कुलपाखाली गेली आणि जुना खोका टेबलावर आमिष म्हणून राहिला. त्यातलं एकही कार्ड ताईने पुन्हा बाहेर काढून वाचलं नाही. खोका हलला की नाही, एवढंच ती डोळ्यांत तेल घालून बघायची. तो रोज हलत होता.

पुराचा प्रश्न तिने पंधरा दिवसांत तीनदा काढला. वहिनीने तीनदा उत्तर लिहिलं, आणि तिन्ही वेळा नदीकाठ अभ्यासगटाचा पत्ता नव्हता.

"एखादा अहवाल हवा होता इथे," शेवटी ताईच म्हणाली. "आकड्याशिवाय उत्तर लंगडं वाटतं."

वहिनी घुटमळली. काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. "हो ना," ती म्हणाली. "बघते."

पक्की आहे, ताईला वाटलं. ताकास तूर लागू देत नाही. मागे एकदा वहिनीने तिच्या एका कार्डावरचा आकडा जुना झाल्याचं सांगितलं होतं, तेव्हा ताई दोन दिवस तिच्याशी धड बोलली नव्हती. तेव्हापासून ही तोंड सांभाळूनच बोलते. ताईने उत्तराला पुन्हा चार दिले. आता चार द्यायला हात अडखळत नसे.

परीक्षा आली, तरी ते कार्ड फाडायचं राहून गेलं. राहून गेलं की राहू दिलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

दोघींना केंद्र एकच मिळालं होतं, खोल्या वेगळ्या. सकाळच्या पेपरात सातवा प्रश्न पुराचा होता. शहरांतील पुराची कारणं सांगा. ताईला आत कुठेतरी हसू फुटलं. तिने तीन वर्तुळं काढली, दोन खरे अहवाल लिहिले, खरे आकडे घातले आणि एक मिनिट राखून आठव्या प्रश्नाला हात घातला. चार वर्षांत असा पेपर गेला नव्हता. जिन्यावरून उतरताना तिची पावलं हलकी होती.

मधल्या सुट्टीत ती आवारातल्या बाकावर बसली होती. वहिनी पिशव्या ठेवायच्या खोलीतून धावतपळत आली. तिच्या हातात डबा होता आणि काखेत चपलांचा खोका.

"ताई, हा टेबलावरच विसरला होतात. म्हटलं, दुपारच्या पेपराआधी चाळायला लागेल." ती शेजारी टेकली. "कसा गेला?"

"बरा. तुझा?"

"चांगला. पुराचा प्रश्न बघितलात?" वहिनीचे डोळे चमकत होते. "मी तुमचा नदीकाठ अभ्यासगट लिहिला."

ज्या वाक्याची तिने महिनाभर वाट पाहिली होती ते हेच, आणि आता ते परत घ्यायला जगात कुठेही जागा नव्हती.

"सरावात कधी लिहिला नाहीस तो," ती कशीबशी म्हणाली.

"मला तो कुठे सापडतच नव्हता. स्वतः वाचल्याशिवाय तुमच्यासमोर लिहायचा म्हणजे... तुम्ही विचारलं असतंत, कुठे वाचलास, तर काय सांगणार होते? पण आज दोन मिनिटं उरली होती आणि माझा एकही आकडा मला धड वाटेना. माझ्या मनाने लिहिलं की चारच पडतात. म्हटलं, तुमचंच लिहावं. तुम्ही लिहिलंय म्हणजे असणारच." तिने बाटली उचलली. "थांबा, पाणी भरून आणते."

ताईने खोक्याचं झाकण काढलं. आज त्यावर चुरा नव्हता. पुराचं कार्ड कुठे आहे ते तिला न बघता माहीत होतं. तिने ते उपसून उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीने, रक्ताच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या लिहाव्यात तशा बारीक सुबक अक्षरात लिहिलं होतं:

"हा अहवाल मिळत नाही. ग्रंथालयात दोनदा पाहिलं, तिथल्या बाईंनाही माहीत नाही. ताईंना विचारायला हवं, पण आकड्यांबद्दल विचारलं की त्यांना लागतं. पुन्हा शोधते."

तिने शेजारचं कार्ड उलटं केलं. "हा आकडा तीन वर्षांपूर्वीचा आहे. नवा खाली लिहिलाय. पटला तर घ्या, नाहीतर खोडून टाका." त्याच्या पुढचं. "या योजनेचं नाव बदललंय." त्याच्या पुढचं. ती उलटत गेली. कार्डामागून कार्ड, मागच्या बाजूला पेन्सिल, तीननंतरच्या कितीतरी दुपारी. दुसरी प्रत करताना यातलं एकही कार्ड तिने उलटून पाहिलं नव्हतं. तिच्या कपाटातली प्रत, कुलपाखाली जपलेली, सगळी जुन्या आकड्यांची होती. सकाळी पेपरात ज्यांचा तिला अभिमान वाटला होता, तेही त्यांतलेच.

पण त्या क्षणी तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला अप्पा दिसत होते, चष्मा नाकावर सरकवून, हातातला कागद जरा लांब धरून, इथून पुढचं सगळं संशयाने वाचणारे.

वहिनी पाणी घेऊन आली. कार्डं पुन्हा उभी झाली होती आणि झाकण लागलं होतं.

"अरे देवा, तुमचा चेहरा असा का झाला?" ती खाली बसली आणि तिचा आवाज उतरला. "ताई, तो अहवाल आहे ना नक्की? मी चूक तर नाही ना केली?"

दुपारचा पेपर पाऊण तासावर होता. तीन तासांचा, वीस प्रश्नांचा, आणि पुढे आणखी तीन दिवस पेपर. ताईने तिच्याकडे पाहिलं. प्रयोगशाळेतल्या औषधांनी कोरडी पडलेली बोटं, मधल्या बोटावर पेनाचा लाल वळ, केसांत विसरलेली पेन्सिल.

"नाही," ताई म्हणाली. "मीही तोच लिहिला."

"खरंच?"

"त्रेचाळीस टक्के. शब्दन् शब्द."

वहिनीने हुश्श केलं आणि डब्याचं झाकण उघडलं. "मग काळजीच नाही. दोघींच्या पेपरांत असला म्हणजे तपासणाऱ्यालाही पटेल."

तिने डबा पुढे केला. ताईने त्यातला घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून ठेवला. मग तिने खोका मांडीवर ओढला, पहिलं कार्ड काढलं, उलटं केलं आणि मागची बाजू वाचायला लागली.

"सांग," ती म्हणाली. "या नव्या आकड्यांतले दुपारी कुठले लागतील?"